आरशासमोर उभं राहून साखर कमी होत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत स्वतःशी सकारात्मक बोला अशा अर्थाचा लेख आला होता, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून 'मी निरोगी आहे, मी आनंदी आहे' म्हणायचं वगैरे. हेतू चांगलाच होता, पण मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्टच्या काउंटरवर बसते आणि माणसं स्वतःला काय काय बोलतात ते रोज कानावर पडतं, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितेय.

आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी शुगरच्या पेशंटची. पाकीट तिथंच उभ्या उभ्या फाडतात आणि आकडा बघितला की पहिलं वाक्य स्वतःलाच असतं. 'झालं, परत नापास.' 'जिभेचे चोचले, दुसरं काय.' 'आपल्याच्यानं काय व्हायचं नाही बघा ताई.' एक रिटायर्ड सर येतात ते म्हणाले, आख्ख्या शाळेला शिस्त लावली पण स्वतःला नाही लावता आली. हसत म्हणाले, पण रिपोर्ट चार घड्या घालून आतल्या खिशात असा सारला की घरी कुणाला दिसायला नको.

मध्यंतरी दोघी शेजारणी बाकड्यावर बसलेल्या. पहिलीचं एचबीएवनसी (शुगरची रक्ततपासणी) ८.९ आलं, म्हणजे जास्त, तिच्या डोळ्यात पाणी. तर दुसरी तिला कशी समजावत होती, 'रडतीस काय अगं, सासूच्या आजारपणात रात्र रात्र जागतीस, वाढणारच की, डॉक्टरला सांग सगळं, गोळी बदलून देतील.' इतकं शहाण्यासारखं बोलली की मला वाटलं हिलाच काउंटरवर बसवावं. मग तिचा स्वतःचा रिपोर्ट आला, ८.१, म्हणजे मैत्रिणीपेक्षा कमीच, आणि तीच बाई म्हणते, 'मी एक नंबरची बिनलाजी, मला काय खायचं सुटत नाही, मरूदे तिकडं.' मैत्रिणीला कारणं आणि स्वतःला शिव्या, तेही पाच मिनिटाच्या आत!

आता या आकड्यात नक्की काय असतं ते सांगते, कारण सगळी शिवीगाळ त्याच्यावरूनच चालते. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना किती साखर चिकटली ते एचबीएवनसीत कळतं, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी समजा. (त्यामुळे टेस्टच्या आधी दोन दिवस गोड बंद करून येणाऱ्यांचा काही फायदा होत नाही, आणि असे पुष्कळ येतात.) पण आकडा वाढायला फक्त खाणंच कारण असतं असं नाही. झोप नीट नसेल, मनाला घोर असेल, जंतुसंसर्ग होऊन गेला असेल, गुडघ्यात स्टिरॉईडचं इंजेक्शन घेतलं असेल, तरी साखर वर जाते. शरीरात लोह कमी असेल तर साखर तेवढीच असूनही एचबीएवनसी थोडं जास्त दिसू शकतं, आणि आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया (रक्त कमी असणं, बरेचदा लोहाअभावी) आहे हे २०१९-२१ च्या सरकारी सर्वेक्षणातच आहे. शिवाय टाईप २ डायबेटिसमध्ये इन्शुलिन बनवायची ताकद वर्षागणिक कमी होत जाते, ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. म्हणजे नीट पथ्य पाळणाऱ्यालाही काही वर्षांनी गोळ्या वाढवाव्या लागतात, कधी इन्शुलिन लागतं, आणि तेव्हा माणूस म्हणतो 'सुईवर आलो, संपलं आता'. अहो तुम्ही काही गुन्हा केला नाहीये, आजाराची चालच तशी आहे.

आता आरशाचं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हेच तपासलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच वाईट आहे त्यांना 'मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे' असं वाक्य मनात म्हणायला लावलं तर त्यांना बरं वाटायच्या ऐवजी उलट आणखी वाईट वाटलं. मला यात नवल वाटत नाही. हातात ९ चा रिपोर्ट धरून 'मी निरोगी आहे' म्हटलं तर मन लगेच म्हणणार, कुणाला बनवतेस?

त्यापेक्षा खरं काय ते बघायला शिकवणारी पद्धत आपल्याकडे आहेच. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास सुरू केलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत, जी कि. मो. फडके आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यामुळे मराठीतही चांगली रुजली. त्यात गोड गोड बोलायला सांगत नाहीत. घटना वेगळी आणि तिच्याबद्दल मी मनात काय म्हणालो ते वेगळं, आणि त्रास बराचसा या दुसऱ्या गोष्टीतून येतो, म्हणून त्या वाक्याची उलटतपासणी घ्या म्हणतात. 'मला काहीच जमत नाही' याला पुरावा काय? सकाळी फिरायला जाता ना? गोळी चुकत नाही ना? मग 'काहीच' कुठून आलं? रात्री टीव्हीसमोर फरसाण जातं हे खरं असेल तर तेवढंच म्हणा, कारण फरसाणाचं काहीतरी करता येतं, 'मी आहेच तसली' याचं काय करणार?

आणखी एक सोपी युक्ती मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांच्या अभ्यासातली आहे, स्वतःशी बोलताना 'मी' न म्हणता स्वतःचं नाव घेऊन बोलायचं. त्याने टेन्शनच्या वेळी थोडं लांबून बघता येतं असं त्यांना दिसलं. बाकड्यावरच्या त्या बाईने शेजारणीला जे सांगितलं तेच स्वतःला नाव घेऊन सांगून बघायला काय हरकत होती.

यावर लोक लगेच म्हणतात की मग काय स्वतःचे लाड करायचे का, कान उपटल्याशिवाय वळण लागत नाही. मला काउंटरवर दिसतं ते वेगळंच आहे. जे स्वतःला जास्त कोसतात तेच पुढच्या तपासणीला येत नाहीत. डॉक्टर ओरडतील, घरचे बोलतील, स्वतःलाही तोंड दाखवायला नको, म्हणून सहा सहा महिने गायब, आणि मग पायाची जखम घेऊनच येतात. यात काही डॉक्टरांचाही वाटा आहे हे लिहायला मी घाबरत नाही. 'पथ्य पाळत नाही तुम्ही' हे वाक्य रिपोर्ट नीट वाचायच्या आधीच टाकून देतात, आणि पेशंट मग तेच वाक्य घरी नेऊन रोज स्वतःला ऐकवतो.

२०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासाप्रमाणे देशात १० कोटींवर लोकांना डायबेटिस आहे. त्यात आपले वाचक किती असतील तुम्हीच विचार करा. म्हणून दोन-तीन विनंत्या. पुरवणीत सुविचारांच्या चौकटीच्या जागी एकदा एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडून ही उलटतपासणी कशी घ्यायची ते उदाहरणासकट लिहून घ्या. खाली टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना तो माहीतच नसतो. आणि १४ नोव्हेंबरला मधुमेह दिनाचं पान काढाल तेव्हा जिलबीवर लाल फुली मारलेला तो फोटो या वर्षी नको. रक्तात लोह कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडा कसा वाचायचा यावर चार ओळी त्या जागेत सहज बसतील.

कळावे,
एक लॅब टेक्निशियन, मिरज