नखऱ्याचे बिल डस्टीच्याच नावावर?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्डवरचा लेख वाचला. 'डस्टी इन मेम्फिस' या अल्बमसाठी ती अमेरिकेतल्या मेम्फिसला गेली, बिचकली, नखरे केले आणि शेवटी न्यू यॉर्कला जाऊन गायली, एवढ्यात लेखकाने १९६८चा सप्टेंबर उरकला आहे. उरलेली जागा उंच अंबाड्याला आणि काजळाला. छान!

नखरे कोणते, ते तरी सांगायचे. भरगच्च, तयार ट्रॅक (आधीच मुद्रित केलेली वाद्यसाथ) कानात घेऊन त्यावर गाण्याची तिची सवय. मेम्फिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओत सगळे उलटे. रेगी यंग (गिटार), टॉमी कॉगबिल (बेस), जीन क्रिसमन (ड्रम्स) ही मंडळी नोटेशन न मांडता वाजवत वाजवतच गाणे बसवत. गायकाने तोवर सोबत कच्चे गायचे. तिथे व्हायोलिन नाहीत, ब्रास (ट्रंपेटसारखी पितळी वाद्ये) नाही, नुसता सांगाडा. त्यात निर्माते जेरी वेक्सलर यांनी सांगितले, नावाजलेला सोल गायक विल्सन पिकेट इथेच उभा राहून गायचा! धीर द्यायची ही कुठली रीत? म्हणून वाद्ये मेम्फिसची आणि आवाज न्यू यॉर्कचा.

तिथे हेडफोनमधला आवाज इतका मोठा, की स्वतःचा आवाज तिला ऐकू येऊ नये. असे गाऊन बघावे कुणी. हेडफोनमधला ट्रॅक माइकमध्ये झिरपतो, आणि स्वतःला न ऐकणारा गायक एकतर ओरडतो नाहीतर सुरावरून घसरतो. याच अल्बममधले 'सन ऑफ अ प्रीचर मॅन' पुन्हा ऐका. कुठे ओरडली? कडव्यांत तर ती बोलल्यासारखी गाते. हे गाणे ब्रिटनमध्ये नवव्या आणि अमेरिकेत दहाव्या क्रमांकावर गेले. 'डस्टी इन मेम्फिस' हा अल्बम मात्र लेखात म्हटल्यासारखा 'तुफान' वगैरे गाजला नाही, अमेरिकेत ९९व्या क्रमांकाच्या वर चढला नाही. मोठेपण मागाहून मिळाले.

१९६६च्या 'यू डोन्ट हॅव टू से यू लव्ह मी'चेही तेच. लंडनच्या फिलिप्स स्टुडिओतली खोली तिला मेलेली, आवाज न घुमणारी वाटे, म्हणून ती जिन्यात जाऊन गायली. टणक भिंतींवरून आवाज परततो, ताणलेल्या स्वरामागे गुंज राहते. ध्वनी कसा हवा हे ठरवणे निर्मात्याचे काम, आणि ते ती करत होती. रेकॉर्डवर निर्माता म्हणून नाव जॉनी फ्रान्झ यांचे. नखऱ्याचे बिल तेवढे तिच्या नावावर.

आणि 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा सन्मान तिने हसतमुखाने स्वीकारला' हे कुठून आणले? ती गेली २ मार्च १९९९ला, समारंभ झाला १५ मार्चला. छापण्याआधी एवढे तरी कुणी पडताळते का?

जाता जाता: जांभळ्या पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरे छापणे बंद करावे. चौकटीतली गाण्यांची यादी भिंगाखाली धरावी लागते.

— एक वाचक, पुणे