आयब्रॉक्सचा तेरा नंबरचा जिना

कोल्हापूर,
२ जानेवारी

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

ग्लासगोचं तिकीट काढलंस आणि तिथल्या रेंजर्स क्लबच्या आयब्रॉक्स मैदानावर फुटबॉलचा सामना बघणार आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. पण पत्रात १९७१च्या दुर्घटनेबद्दल तू जे लिहिलं आहेस ते तसं घडलेलं नाही. तिथे पोचण्याआधी तुला खरी हकिकत माहीत असावी, म्हणून आज सविस्तर लिहितो. आज तारीखही तीच आहे.

तू लिहिलेली गोष्ट सगळ्यांच्या तोंडी आहे. रेंजर्स विरुद्ध ग्लासगोचाच प्रतिस्पर्धी क्लब सेल्टिक, सामना संपत आलेला, सेल्टिकच्या जिमी जॉनस्टनने गोल केला, रेंजर्सचे लोक हिरमुसून जिना उतरू लागले. तेवढ्यात रेंजर्सच्या कोलिन स्टीनने बरोबरी साधली, आरोळी ऐकून उतरणारे मागे फिरले, खालून वर येणारे आणि वरून खाली येणारे एकमेकांवर आदळले आणि ६६ माणसं गेली. सामना १-१ सुटला आणि दोन्ही गोल अगदी शेवटी झाले, एवढं खरं. मागे फिरण्याची गोष्ट मात्र चौकशीत टिकली नाही. चेंगराचेंगरी झाली ती सामना संपल्यावर काही मिनिटांनी, आणि जिन्यावरचा प्रत्येक माणूस एकाच दिशेला, म्हणजे खालीच चालला होता. वरच्या बाजूला कुणीतरी अडखळून पडलं आणि मागचा लोंढा थांबला नाही. ती गोल-वाली गोष्ट मला एवढी खटकते, कारण तिच्यामुळे दोष नशिबाकडे आणि लोकांच्या उतावीळपणाकडे जातो. दोष जिन्याचा होता, आणि तो जिना तसाच ठेवणाऱ्यांचा.

जिना कसा होता ते डोळ्यांसमोर आण. त्या वेळी आयब्रॉक्सच्या तीन बाजूंना मातीचे भराव घालून त्यावर उभं राहायच्या पायऱ्या केलेल्या होत्या, त्यामुळे प्रेक्षक आधी भरावाच्या माथ्यावर चढायचा आणि मग बाहेरच्या उतारावरून खाली यायचा. तेरा नंबरचा जिना त्या उतारावर होता. तो सरळ आणि चांगलाच उभा होता. लोखंडी नळ्यांच्या कठड्यांनी त्याच्या सात गल्ल्या पाडलेल्या, आणि दोन्ही अंगांना लाकडी भक्कम कुंपण. कोपलंड रोडचं भुयारी रेल्वे स्टेशन याच बाजूला, त्यामुळे घरी जाणाऱ्यांची सर्वांत मोठी गर्दी इथेच. त्या दिवशी मैदानात ८० हजारांच्या आसपास लोक होते.

आता रेटा कसा चालतो बघ. सपाट जागेवर पुढचा माणूस पडला तर मागचा निदान वळसा घालू शकतो. जिना उतरताना प्रत्येकाचं वजन मुळातच पुढे कललेलं असतं, पुढची पायरी दिसत नसते, आणि मागच्याला कळतच नाही की दहा पायऱ्या खाली कुणी पडलं आहे. तो चालतच राहतो. गल्ली असल्यामुळे बाजूला सरकता येत नाही, आणि सरकलाच तर कुंपण आहे. माणसावर माणूस रचला जातो. यातले बहुतेक जण तुडवले जाऊन मरत नाहीत, छाती फुलवायला जागा न राहिल्याने गुदमरतात. काही तर उभ्याउभ्याच जातात. दुसऱ्या दिवशीचे फोटो मिळाले तर कठडे नीट बघ. पोलादी नळ्या ओल्या वेतासारख्या वाकून जमिनीकडे झुकलेल्या आहेत, आणि त्या वाकवल्या आहेत फक्त माणसांच्या अंगांच्या भाराने.

जिन्याने इशारे दिले नव्हते असंही नाही. १९६१च्या सप्टेंबरमध्ये याच जिन्यावर लाकडी कठडा मोडून दोघं गेले. त्यानंतर क्लबने मैदानावर बराच खर्च केला, पण १९६७ साली पुन्हा लोक जखमी झाले, आणि १९६९च्या जानेवारीत, पुन्हा नववर्षाच्या सेल्टिक सामन्यानंतरच, वीसहून अधिक. १९७४ साली एका मृताच्या पत्नीच्या दाव्यात शेरीफ (म्हणजे तिथले न्यायाधीश) आयर्विन स्मिथ यांनी क्लबला दोषी धरलं. निकालाचा आशय असा, की या जिन्याच्या सुरक्षिततेचा संचालकांनी कधी नीट विचारच केला नाही. पुरेसं दुर्लक्ष केलं की प्रश्न आपोआप मिटेल अशा समजुतीत ते राहिले.

याच मैदानाची त्याहून जुनी जखमही आहे. ५ एप्रिल १९०२, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. पश्चिमेचा उभा राहायचा भाग तेव्हा लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या टाकून केलेला होता. फळ्या मोडल्या, भलंमोठं भगदाड पडलं आणि माणसं सुमारे ४० फूट खाली कोसळली. २५ गेले, पाचशेहून अधिक जखमी झाले. आराखडा आर्चिबाल्ड लीच यांचा होता, आणि हे गृहस्थ स्वतः रेंजर्सचे चाहते. त्यांनी क्लबला पत्र लिहून पुन्हा संधी मागितली आणि ती मिळाली. ब्रिटनभर पुढे जे मातीचे भराव आणि गर्दीचा रेटा अडवणारे लोखंडी दांडे दिसू लागले, त्यांत लीच यांचा मोठा वाटा. लाकूड मोडतं, माती मोडत नाही, हा हिशोब बरोबरच होता. पण भराव आला की उंच बाहेरचा जिनाही येतो, आणि १९७१ साली माणसं मेली ती त्या जिन्यावर. लीच यांना दोष द्यायला मी तयार नाही. एका अपघाताचं उत्तर दुसऱ्याची जागा तयार करतं, हे त्या पिढीला दिसलं नाही इतकंच.

१९७१नंतर लॉर्ड व्हीटली यांचा अहवाल १९७२ साली आला, १९७३ साली मैदानांच्या सुरक्षिततेची पहिली 'ग्रीन गाइड' निघाली आणि १९७५ साली कायदा झाला. या गाइडमुळे जिन्याचा विचार आकड्यांत होऊ लागला. अलीकडच्या आवृत्तीत हिशोब असा आहे: एक मीटर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला ६६ माणसं उतरतात, सपाट वाटेवरून ८२. बाहेर पडायला जास्तीत जास्त ८ मिनिटं धरायची. म्हणजे १.२ मीटरच्या एका गल्लीतून मिनिटाला ७९ आणि आठ मिनिटांत साधारण ६३०. त्या जिन्याकडे येणाऱ्या भागात याहून जास्त माणसं असतील, तर एकतर जिना वाढवा नाहीतर माणसं कमी करा. तिसरा मार्ग नाही. आणि गर्दी आवरायची ती जिन्याच्या वरच्या तोंडाशी. खाली फाटक अर्धवट उघडं ठेवून किंवा वाट अरुंद करून आवरायला गेलं, तर माणसं नेमकी पायऱ्यांवर साठतात.

हे वाचताना तुला मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा पादचारी पूल आठवला असेल. २९ सप्टेंबर २०१७, सकाळची वेळ, पाऊस. खालचे लोक पावसामुळे पायऱ्यांवर थांबलेले आणि गाड्यांतून उतरलेले मागून येतच राहिले. २३ जण गेले. तिथे ना गोल झाला होता ना सामना होता, तरी घडलं तेच. इथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या आपल्या तालमींचा फुटबॉल सामना बघायला बसलो की मी आता आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवतो, आणि तूही ठेव.

एक गोष्ट चांगली झाली. विली वॅडेल, म्हणजे १९७१चे रेंजर्सचे मॅनेजर, यांनी जुनं मैदानच बदलायचं मनावर घेतलं. डॉर्टमुंडचं मैदान डोळ्यांसमोर ठेवून १९७८ ते १९८१ दरम्यान मातीच्या भरावांच्या जागी बसायचे तीन नवे स्टँड उभे राहिले. जुन्यातला फक्त लीच यांचा १९२९चा लाल विटांचा मुख्य स्टँड राखला आहे. एडमिस्टन ड्राइव्हवरून दिसतो, थांबून बघण्याजोगा आहे.

स्टेशनचं नाव आता कोपलंड रोड नाही, आयब्रॉक्स आहे. तिथे उतरलास की मुख्य स्टँड आणि कोपलंड स्टँड मिळतात त्या कोपऱ्यावर जॉन ग्रेगचा पुतळा दिसेल. तो १९७१च्या त्या सामन्यात रेंजर्सचा कर्णधार होता. पुतळ्याखाली मृतांची नावं आहेत. सामन्याला अर्धा तास लवकर जा आणि ती वाच. त्यांतली पाच नावं स्कॉटलंडच्या फाइफ भागातल्या मार्किंच नावाच्या एकाच छोट्या गावच्या मुलांची आहेत. सगळी शाळकरी वयाची, मिळून सामना बघायला गेलेली.

परत आलास की फोन कर.

तुझा,
सदा