सोटोचे कोटी छापले, फ्लड राहिला

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या खेळाच्या पानावरचा बेसबॉलपटू हुआन सोटोचा लेख वाचला, न्यूयॉर्क मेट्सने डिसेंबर 2024 मध्ये 15 वर्षांसाठी साडेशहात्तर कोटी डॉलरचा करार केला ते सगळं, लेख झकास आहे पण मी एक नाव शोधत शेवटपर्यंत गेलो आणि ते कुठेच सापडलं नाही. कर्ट फ्लड!

अहो सोटो आउटफिल्डर, म्हणजे मैदानात लांब उभा राहून फिल्डिंग करणारा, तसा हा फ्लड पण आउटफिल्डरच, सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटर फिल्डर. 1963 ते 1969 सलग सात गोल्ड ग्लोव्ह (उत्तम फिल्डिंगचं बक्षीस), 1966 च्या अख्ख्या सीझनमध्ये फिल्डिंगची एकही चूक (एरर) नाही. आणि 1968 च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे फायनलच्या मालिकेच्या, सातव्या मॅचला एका बॉलचा अंदाज चुकला, टीम हरली, तर लोकांच्या लक्षात तेवढंच, नेहमीचंच आहे म्हणा.

ऑक्टोबर 1969 ला क्लबने त्याला फिलाडेल्फियाला ट्रेड करून टाकलं, विचारणं बिचारणं काही नाही. तेव्हा रिझर्व्ह क्लॉज होता, म्हणजे करार संपला तरी खेळाडूवर हक्क क्लबचाच, पटत नसेल तर घरी बसा. फ्लडला वर्षाला 90,000 डॉलर मिळत होते, गपचूप गेला असता तर कोणी काही म्हटलं नसतं, पण त्याने बेसबॉलच्या प्रमुखाला, म्हणजे कमिशनरला, पत्र लिहून कळवलं की मी काही खरेदी-विक्रीची वस्तू नाही, आणि सरळ केस टाकली. साक्षीला जुना नामवंत खेळाडू जॅकी रॉबिन्सन आला, तेव्हा खेळत असलेल्यांपैकी मात्र एकही नाही (हे वाचून मला खरंच राग येतो). 1970 चा पूर्ण सीझन गेला, 1971 ला वॉशिंग्टनकडून फक्त 13 मॅच, मग 33 व्या वर्षी करिअर संपलं. 1972 ला सुप्रीम कोर्टातही 5-3 ने हरला.

आता कोणी म्हणेल हा रिझर्व्ह क्लॉज तर 1975 मध्ये दोन पिचरांनी (बॉल टाकणाऱ्यांनी) लवादाकडे जिंकून मोडला, म्हणून सोटोसारखे खेळाडू आज हवा तो क्लब निवडतात, फ्लडचं काय त्यात? बरोबर आहे, पण त्याआधी स्वतःचं करिअर पणाला लावून कोर्टात कोण उभं राहिलं होतं? त्याच्या नावाचा कायदा झाला 1998 ला, तो गेला 1997 ला. बेसबॉलच्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये अजून नाहीच.

पुढच्या वेळी असे कोटींचे आकडे छापाल तेव्हा बाजूला त्याची छोटीशी चौकट टाका, चार ओळी पुरतील.

तुमचा एक जुना वाचक