रात्री दहानंतरचा पत्ता

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र होतं. नागपुरात रात्री बघण्यासारखं काही नाही, म्हणून परदेशी पाहुणे इथं एक रात्र झोपतात नि पहाटे पेंच नाही तर ताडोब्याची वाट धरतात, असं त्यांचं म्हणणं. त्यावर उपाय म्हणून त्यांनी रोषणाई, कारंजी नि खाण्याचे स्टॉल असलेला ‘नाइटलाइफ झोन’ मागितला आहे. मागा बापा. पण पाहुण्यांची खरी अडचण निराळी आहे, आणि ती मी माझ्या फाटकातून रोज बघतो, म्हणून हे पत्र.

मी पोस्टमन होतो. ३४ वर्षं. आधी महाल, मग इतवारी, शेवटची नऊ वर्षं धरमपेठ. आता सोमलवाड्यात राहतो. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या सूनबाई पाहुण्यांना देते. परदेशी माणूस मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. ते काम माझ्याकडं. पासपोर्टवरची नावं बघून बघून लिहिताना जुनं रजिस्टर आठवतं. वाघ बघायला येणारे, जामठ्याला क्रिकेट बघायला येणारे, दीक्षाभूमीला येणारे, असे तीन प्रकार आमच्याकडं येतात. कंपन्यांच्या कामाला येणारे मोठ्या हॉटेलांत उतरतात, त्यांची मला माहिती नाही.

फेब्रुवारीत हॉलंडचं एक जोडपं आलं होतं. दोघंही साठीच्या आसपासचे. बाई गावात रोज सायकल चालवणाऱ्या, साहेब निवृत्त शिक्षक. दोह्याहून येणारं विमान इथं मध्यरात्रीनंतर उतरतं, तेव्हा मेट्रो झोपलेली असते. आमच्या घरापासून विमानतळ तीन किलोमीटरसुद्धा नाही, पण त्या रात्री एका टॅक्सीवाल्यानं त्यांच्याकडून ८०० रुपये घेतले आणि वर घर शोधता शोधता पाऊण तास फिरवलं. पैशाचा राग मला आला, त्यांना नाही. त्यांना नवल घराच्या नंबराचं वाटलं. आमचा प्लॉट १७. एका अंगाला ४८, दुसऱ्या अंगाला ९. बाईंनी सकाळी चहा घेताना विचारलं, ‘सतराच्या शेजारी अठरा का नाही?’

आता हे त्यांना कसं समजावणार? आपल्याकडं नंबर रस्त्याला नाही, ले-आउटला आहे. सोसायटीनं नकाशा काढला, प्लॉट पाडले, ज्या क्रमानं पाडले त्या क्रमानं नंबर. मग शेजारच्या वावरात दुसरी सोसायटी आली नि तिनं पुन्हा एकपासून सुरुवात केली. अशा अनधिकृत वसाहतींच्या याद्यांचे ५७२ ले-आउट, १९०० ले-आउट हे आकडे नागपूरकराला पाढ्यासारखे पाठ आहेत. अनधिकृत ले-आउट आधी वसले, नासुप्रच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या, कागदावर नियमित नंतर झाले. त्यात गणेशनगर किती, शिवाजीनगर किती नि गजानननगर किती, हे सॉर्टिंगला बसलेल्यालाच माहीत. माझ्या पिशवीत ‘शिवाजीनगर, नागपूर’ एवढ्याच पत्त्याचं पत्र आलं की मी पिनकोड बघायचो. पिनकोडही नसला की पाठवणाऱ्याचं आडनाव, नि तेही नसलं की अक्षर. (अक्षरावरून घर ओळखलेली दोन-तीन पत्रं अजून आठवतात, पण तो विषय वेगळा.) फोनमधल्या नकाशाला अक्षर ओळखता येत नाही. तो बिनधास्त दुसऱ्याच शिवाजीनगरात नेऊन सोडतो. टपाल खात्यानं २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे, चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा पत्ता. चांगलीच गोष्ट आहे. आमच्या घराचा मी काढून ठेवलाय. ऑटोवाल्याला सांगितला तर तो म्हणाला, ‘काका, ओटीपी कायले सांगून राहिले?’

तर हे दोघं पेंचला तीन दिवस राहून परत आले आणि विमानाआधीची एक संध्याकाळ त्यांच्या हातात होती. मी सांगितलं, उज्ज्वलनगरला मेट्रोत बसा. मेट्रोचं कौतुक मी मनापासून करतो. ८ मार्च २०१९ ला खापरी ते सीताबर्डी सुरू झाली तेव्हा आम्ही नातवाला घेऊन उगाचच जाऊन आलो होतो. डिसेंबर २०२२ पासून चारही दिशांना धावते, गाड्या स्वच्छ, स्टेशनचं नाव तीन भाषांत. परदेशी माणसाला ह्या शहरात कुणाची मनधरणी न करता कुठं जाता येत असेल तर ते मेट्रोनं. ते झीरो माइलला उतरले, दगडी खांब नि चार घोडे बघितले. सीताबर्डीचा किल्ला वर दिसला तो उघडा नव्हता. तो २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट एवढ्याच दिवशी लोकांना उघडतो, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. मग बर्डीच्या मेन रोडवर दोन तास गर्दीत हिंडले. बाईंनी १२० रुपयांचा दुपट्टा घेतला, कारण दुपारी स्कूटरवरच्या पोरी डोळे सोडून सगळं तोंड बांधून जाताना त्यांनी बघितल्या होत्या आणि आधी त्यांना वाटलं होतं की हा काही तरी मोर्चा आहे.

रस्ता ओलांडणं मात्र त्यांना जमेना. व्हरायटी चौकात दहा मिनिटं उभे होते म्हणे. सिग्नल आपला हिरवा, तरी डावीकडून वळणारे थांबत नाहीत, नि उलट दिशेनं येणाऱ्याला तर सिग्नल असतच नाही. शेवटी एक भाजीवाली टोपलं घेऊन निघाली, तिच्या आडोशानं दोघं पलीकडं गेले. मी सगळ्या पाहुण्यांना हेच सांगतो: पळायचं नाही, थबकायचं नाही, एका चालीनं जायचं नि कुणा बाईमाणसाच्या पलीकडून जायचं. वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल झाला, गिनीजमध्ये नोंद झाली, वर मेट्रो, मधे गाड्या, सगळं खरं. तळमजल्यावरून पायी ओलांडणाऱ्याची कुठंच नोंद नाही.

त्याच चौकात साहेबांनी फोन करून विचारलं, ‘इथं पुतळा गांधीजींचा आहे, मग ह्याला व्हरायटी का म्हणतात?’ टॉकीजवरून, म्हटलं. पंचशील चौकही टॉकीजवरून, अलंकारही टॉकीजवरून. निम्मं नागपूर अजून सिनेमाच्या पत्त्यावर राहतं. फलकावर एक नाव, नकाशात दुसरं नि तोंडात तिसरं. मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चं, पण ते नाव घेऊन ऑटोत बसा, सिव्हिल लाइन्सच्या चार फेऱ्या होतील. ‘अजब बंगला’ म्हणा, डोळे मिटून नेईल. मी पाहुण्यांना आता देवनागरीत चिठ्ठी लिहून देतो. डाव्या बाजूला नकाशातलं नाव, उजव्या बाजूला तोंडातलं.

जेवायला ते शंकरनगरच्या बाजूला गेले. इथं एक गंमत झाली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. हॉटेलच्या इंग्रजी कार्डावर सांबारवडी होती. आदल्याच दिवशी पेंचमध्ये गाइडनं त्यांना शिंगवाला नर दाखवून ‘सांबर, सांबर’ म्हटलं होतं. बाईंनी कार्ड खाली ठेवलं आणि वेटरला हळूच विचारलं की हे कायदेशीर आहे का. वेटर म्हणे, ‘हो जी, ताजा सांबार आहे, सकाळीच आणला.’ मग फोन मला. मी म्हटलं, आमच्या विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, बिनधास्त खा. तीन प्लेट खाल्ल्या. सावजीच्या झणझणीत रश्श्याच्या वाटेला मात्र मी त्यांना जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी १२ तासांचा विमानप्रवास होता.

गप्पांत दहा वाजून गेले. मेट्रोची शेवटची गाडी दहाच्या सुमारास सुटते, ती गेली. चूक त्यांचीच, मी वेळ लिहून दिली होती. पण संपादक महाशय, पावणेअकराला लॉ कॉलेज चौकाकडं जाऊन बघा. पोरापोरींचे घोळके, आइस्क्रीम, चहा, गाड्यांवर बसून गप्पा. जागं शहर आहे. रात्री बघण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्या गृहस्थांनी तिथं अर्धा तास नुसतं उभं राहावं. फक्त परतायचं कसं, ते ज्याच्याकडं स्वतःची गाडी आहे त्यालाच ठाऊक.

फोनवरून गाडी बोलवायचा त्यांनी प्रयत्न केला. दोनदा गाडी आली म्हणून दिसली नि दोनदा रद्द झाली. मग एका ऑटोवाल्यानं ६०० सांगितले. साहेबांनी फोन त्याच्या कानाला लावला.

‘भाऊ, पाहुणे आहेत ना जी. मीटरनं आणून द्या.’

‘काका, मीटर तं कोणीच नाही चालवत. नि सोमलवाड्याहून वापस रिकामं यावं लागते. तिथं रातच्याला सवारी भेटते का? तुम्हीच सांगा.’

मला उत्तर देता येईना. खरंच भेटत नाही. साडेतीनशेवर सौदा झाला. त्या माणसाला मी लुटारू म्हणणार नाही. रिकाम्या फेरीचं पेट्रोल त्याला कोण देणार होतं? त्याच्यापुढं दराचा फलक नाही, पाहुण्यापुढंही नाही, म्हणून रोज रात्री प्रत्येक चौकात नव्यानं बाजार भरतो, आणि त्यात गोऱ्या कातडीचा भाव आपोआप चढा लागतो.

मी टॉर्च नि काठी घेऊन उज्ज्वलनगर स्टेशनखाली जाऊन उभा राहिलो, कारण ऑटो गल्लीत शिरला की कुत्री. आमच्या भागात रात्री चोराची भीती नाही, कुत्र्यांची आहे. नोकरीत ३४ वर्षं ती माझ्या खाकीवर भुंकली, आता रोज पोळी घालतो म्हणून माझ्याबरोबर चालतात. अकरा दहाला ऑटो आला. बाई उतरल्या तेव्हा दुपट्टा नागपुरी पोरींसारखा तोंडाला बांधलेला, धुळीनं नाही, थंडीनं. ऑटोवाल्यानं पैसे मोजले, तंबाखू मळली, आणि मला म्हणाला, ‘काका, तुमच्यासारखा कोणी उभा असला तं आम्हालेही पत्ता शोधायची कटकट नाही.’

वर्षातले दोन-तीन दिवस आपल्याला हे सगळं जमतं, हेही लिहायला हवं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात. गेल्या वेळी आमच्याकडं जपानची एक मुलगी होती, एकटी, मराठी-हिंदीचा गंध नाही. दीक्षाभूमीकडं जाणारे रस्ते गाड्यांना बंद, तरी ती रात्री अकराला बिनघोर परत आली. दर चौकात पोलीस, कार्यकर्त्यांचे मदतीचे स्टॉल, बाणाचे फलक, जादा ‘आपली बस’. एका स्टॉलवर तिला जेवायला बसवलं, दुसऱ्यानं बसमध्ये चढवून दिलं, कंडक्टरनं थांबा आला की हाक मारली. दुसऱ्या दिवशी ती कामठीचं ड्रॅगन पॅलेस बघायला गेली. ते जपानच्याच लोकांच्या मदतीनं उभं राहिलंय, १९९९ चं. तिथून परतताना मात्र अंधार पडला नि तिचं गाडं अडलं. सण संपला होता, फलक निघाले होते.

म्हणून माझं मागणं झोनचं नाही. शुक्रवार-शनिवारी मेट्रो तासभर जास्त चालवता येते का, ते बघावं. रेल्वे स्टेशन, विमानतळ नि दोन-चार गर्दीचे चौक इथं रात्रीचा दर लिहिलेला फलक लावावा, रिकामी परतफेरी धरून ठरवलेला, म्हणजे ऑटोवाल्याचंही नुकसान नाही. एअरपोर्ट मेट्रो स्टेशन वर्धा रोडवर नि विमानतळाची इमारत आत, बॅगा ओढत मधलं अंतर कापणाऱ्यासाठी एखादी छोटी बस असावी. आणि चौकांच्या फलकांवर सरकारी नावाखाली लहान अक्षरांत लोकांच्या तोंडातलं नाव लिहायला कुणाची हरकत असेल असं मला वाटत नाही. रंगवायला माणूस मिळत नसेल तर मी लिहून देतो, अक्षर अजून बरं आहे.

एक विनंती खास आपल्याला. आपल्या दुसऱ्या पानावर सिनेमाच्या वेळा छापता त्या चौकटीत खाली दोन ओळी जागा असते. तिथं दोन्ही मार्गांच्या शेवटच्या मेट्रोची वेळ रोज छापावी. पेपर मी सकाळी वरच्या खोल्यांच्या दारात ठेवतोच, तेवढं कात्रण चिठ्ठीला जोडून देता येईल.

आपला,
एक सेवानिवृत्त पोस्टमन
सोमलवाडा, नागपूर