‘तार’ तशीच राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या अंकांतल्या बातम्यांचं तुमचं रविवारचं सदर मी आधी वाचतो, मग पहिलं पान. पण हल्ली त्यात ‘तार’ (टेलिग्राम) हा शब्द आला की त्याजागी ‘संदेश’ छापलेलं असतं, नव्या पोरांना कळावं म्हणून करत असाल, हेतू चांगलाच आहे, पण गेल्या रविवारी १९४२ च्या बातमीत चक्क ‘आंदोलकांनी संदेश तोडले’ असं आलं आणि मला राहवेना.

अहो, बेचाळीसला आमच्या सातारा जिल्ह्यात पोरांनी तोडल्या त्या खांबावरच्या तारा! एका गावाहून दुसऱ्या गावच्या पोलिसांना खबर जाऊ नये म्हणून जिवावर उदार होऊन तोडल्या. आणि अशा बातम्या पेपरवाल्यांकडे यायच्या त्याही तारेनेच. एकाच बातमीत तार म्हणजे वायर पण आणि निरोप पण, वाचणाऱ्याला कुठली कुठं ते बरोबर कळायचं.

त्याच्याही आधीचं बघा. १८७० मध्ये समुद्राखालची केबल मुंबईला पोचली, तोवर विलायतेची बातमी बहुतेक आगबोटीच्या टपालाने यायची, आठवडेच्या आठवडे जायचे. ती एकदम काही तासांवर आली. मग ‘रॉयटरच्या तारा’ (रॉयटर ही विलायतेची वृत्तसंस्था), ‘ताज्या तारा’ असं छापायला लागले, तिथे तार म्हणजे बातमीच. शब्दागणिक पैसे पडायचे म्हणून मजकूर तुटक, तोही इंग्रजीत, आणि त्या चार शब्दांची मराठी वाक्यं आपल्या पेपरातली माणसं जुळवत बसायची, केवढं काम ते! ‘असे तारेवरून कळते’ हे वाचताना मला तर नेहमी वाटतं की लिहिणारा सांगतोय, एवढंच हाती आलंय, सविस्तर टपालाने येईल तेव्हा बघू. ‘संदेशावरून कळते’ मध्ये ते कुठे येतं?

सभेच्या बातमीत अजून वेगळं. ‘सहानुभूतीच्या तारा वाचून दाखवण्यात आल्या’ म्हणजे जे येऊ शकले नाहीत त्यांचा पण पाठिंबा आहे. ‘व्हाइसरॉयला तार केली’ म्हणजे निषेध. लग्नाच्या वृत्तात अभिनंदनाच्या तारा. बिनतारी, म्हणजे वायरशिवाय रेडिओने येणारा निरोप, ते तर वेगळंच.

आणि ‘तार मिळताच निघाले’ हे तर कृपा करून बदलू नका. तार ऑफिसचा माणूस दारात दिसला की आमची आजी पाकीट फोडायच्या आधीच रडायला लागायची. एकदा काकाला नोकरी लागल्याची तार होती, ती वाचून दाखवली तरी तिचं रडणं थांबेना. हे घरोघरी होतं. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, म्हणजे आज शाळेत असलेल्या बहुतेक पोरांनी तार बघितलेलीच नाही, मान्य आहे, मग खाली एक ओळ छापा ना, इथे तार म्हणजे काय ते सांगणारी. जागा कितीशी लागते? पण मूळ बातमीतला शब्द तसाच ठेवा.

बेचाळीसची ती बातमी तेवढी येत्या रविवारी दुरुस्त करून परत छापा ही विनंती, आमच्याकडे ती कात्रणं जपून ठेवणारी माणसं अजून आहेत.

आपला नियमित वाचक,
कराड