बियाणं माजघरातून हलवा

पुणे, २६ मे

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर आईच्या मागे सोयाबीनच्या पिशव्या दिसल्या. माजघरात, भिंतीला टेकवलेल्या, गव्हाच्या पोत्याला खेटून. फोनवर सांगितलं तर बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईच्या हातात देतील, म्हणून लिहितेय.

बाबा, ऐनवेळी धावपळ नको म्हणून बियाणं लवकर आणलंत ते चांगलंच केलंत. पण कंपनीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं. तो गुलाबी रंग दिसावा आणि कुणी धान्य समजून दळायला नेऊ नये, एवढ्यासाठीच असतो. त्याची भुकटी शिवणीतून झिरपते, आणि सुट्टीला आलेली पोरं रात्री तिथंच गाद्या टाकतात.

ओसरीशेजारच्या खोलीत हलवा नि कुलूप घाला. पत्र्याच्या शेडमध्ये मात्र नको. मे महिन्याच्या दुपारी तिथं आपल्यालाच उभं राहवत नाही, त्या उन्हाळ्यात बियाण्याची उगवण जाते. भोसरीत आमच्या कंपनीतून दोन लाकडी पॅलेट मिळालेत, रविवारच्या टेम्पोने पाठवते. पिशव्या त्यांवर ठेवा म्हणजे जमिनीची ओल लागणार नाही, भिंतीपासूनही हातभर लांब ठेवा. आणि उतरवताना आपटू नका. सोयाबीनचं साल पातळ, तडा गेला की दाणा वाया.

घरचं राखलेलं बियाणं आहे त्याला आत्ताच औषध लावून ठेवू नका. उरलं तर ते ना खाता येईल, ना विकता येईल. आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा. ७० उगवले तर एकरी ३० किलो पुरतं. त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवा. ६० च्या खाली गेलं तर पेरूच नका. पेरणीच्या वेळी आधी बुरशीनाशक, ते सावलीत सुकलं की रायझोबियम, म्हणजे ते जिवाणू खत, आणि लगेच शेतात. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय घाई नको, शेजाऱ्यांची तिफण चालली तरी!

बाबा, हातमोजे पाठवतेय. ते घालायचे नसतील तर निदान हात न धुता तंबाखू मळू नका.

आई, रिकाम्या पिशव्या धुऊन त्यात डाळ भरायची नाही. धुऊन ते औषध जात नाही. सांडलेलं बियाणंही कोंबड्यांपुढे टाकू नकोस, मातीत पुरून टाक. पिशवी खालून उसवा, म्हणजे वरचा टॅग शाबूत राहील. पावती, टॅग, पिशवी आणि मूठभर बियाणं पीक हाती येईपर्यंत वेगळं जपा. उगवलं नाही तर तक्रारीला तेच लागतं.

मृगाच्या आसपास मी येतेच आहे. येताना नारायणगावातून काही आणायचं असेल तर कळवा.

तुमची,
सुनू