बोट न आलेले दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रीसमधील बेटांवर एकांतात राहून लेखन करण्याविषयी प्रसिद्ध झालेला लेख वाचला. दोन वर्षांपूर्वी मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत, एकूण ७६ दिवस, पात्मोस या बेटावर एकटी राहून कादंबरीचा रखडलेला मसुदा पूर्ण केला. त्या अनुभवाच्या आधारे या लेखातील मुख्य सल्ल्याशी असलेला मतभेद नोंदवावा, म्हणून हे पत्र. लेखाच्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र जुलै किंवा ऑगस्टमध्ये, सान्तोरिनीसारख्या बेटावर, समुद्राकडे उघडणाऱ्या गच्चीची खोली घ्यावी म्हणजे लेखन आपोआप होईल, हा सल्ला मानून एखादी लेखिका साठवलेले पैसे आणि मुश्किलीने मिळवलेली रजा खर्च करून तिथे गेली, तर ती सुंदर छायाचित्रे घेऊन आणि कोरी पाने घेऊन परतेल, अशी मला खरोखर भीती वाटते.

उन्हाळ्यातील त्या बेटांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. अवाढव्य पर्यटक जहाजे एकाच सकाळी हजारो माणसे उतरवतात, खोल्या दिवसाच्या हिशेबाने दिल्या जातात आणि उत्तरेकडून येणारा ‘मेल्तेमी’ वारा दिवसचे दिवस दारे-खिडक्या आपटत राहतो. तिथे सुट्टी उत्तम होते. काम होणे अवघड असते.

पात्मोसवर विमानतळ नाही, आणि मी हे बेट निवडले ते प्रामुख्याने याच कारणासाठी. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून निघालेली बोट सात-आठ तासांनी, बहुधा रात्री उशिरा, स्काला या बंदरात पोहोचते. हिवाळ्यात अशा बोटी आठवड्यातून मोजक्याच असतात आणि त्यांचाही भरवसा नसतो. वाऱ्याचा जोर बोफर्ट मापनावर, म्हणजे वाऱ्याची ताकद ० ते १२ आकड्यांत मोजणाऱ्या पट्टीवर, साधारण ८ पर्यंत गेला की तटरक्षक दल बोटींना बंदर सोडण्यास मनाई करते. या मनाईला तिथे ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात. बेटावर पाऊल ठेवल्यानंतर मी शिकलेला हा पहिला ग्रीक शब्द, कारण दुकानात, बेकरीत आणि बंदरावरच्या काफेनियोत, म्हणजे म्हाताऱ्यांच्या कॉफीच्या अड्ड्यावर, दिवसाची सुरुवात याच शब्दाच्या चौकशीने होत असे.

माझे सगळे म्हणणे या शब्दाभोवती आहे. लेखनासाठी एकांत हवा असे आपण म्हणतो, तेव्हा माणसे नसणे एवढाच त्याचा अर्थ आपल्या मनात असतो. घरातली एक खोली आतून बंद करूनही तेवढे साधता येते. जे साधत नाही ते असे, की कामातून उठून जाण्याचा आपला स्वतःचा मार्ग बंद व्हावा. दुसऱ्या आठवड्यात माझे सातवे प्रकरण पूर्णपणे कोसळले. चाळीस पाने खोटी वाटू लागली आणि मी परत जाण्याचे निश्चित करून सामान भरले. सकाळी तिकिटासाठी बंदरावर गेले, तेव्हा मनाई लागू झाल्याचे कळले. दक्षिणेचा वारा सुटला होता आणि लाटा धक्क्यावरून रस्त्यावर येत होत्या. तीन दिवस बोट आली नाही. पहिला दिवस मी चिडून घालवला. दुसऱ्या दिवशी दुसरे काहीच करण्यासारखे नसल्यामुळे ती चाळीस पाने पुन्हा वाचली आणि त्यातली अकरा खरी आहेत असे आढळले. चौथ्या दिवशी समुद्र शांत झाला, बोट आली, आणि ती आल्याचे मला तिच्या भोंग्यावरून कळले, कारण मी लिहीत होते. सुटकेचा निर्णय तीन दिवस लांबणीवर टाकण्याची ही सोय कोणत्याही निसर्गदृश्यापेक्षा मोलाची आहे, आणि ती उन्हाळ्यात मिळत नाही.

एक प्रामाणिक अपवाद मात्र नोंदवायला हवा. योर्गोस सेफेरिस या कवीने १९४६ च्या शरदात कामातून रजा काढून पोरोस बेटावर मुक्काम केला आणि तिथे एक दीर्घ कविता लिहिली. किनाऱ्याजवळ बुडालेल्या एका लहान जहाजाचे नाव त्या कवितेला मिळाले. पुढे १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. पोरोस तर ग्रीसच्या दक्षिणेकडील पेलोपोनीस या मोठ्या द्वीपकल्पाच्या किनाऱ्यापासून एका अरुंद खाडीपलीकडे, अगदी हाकेच्या अंतरावर आहे. तेव्हा अंतरच सर्वस्व आहे असा माझा दावा नाही. परंतु त्यांनीही ऋतू निवडला तो शरद, हे विसरता येत नाही.

शांततेविषयी लेखात जे म्हटले आहे, त्यात एक महत्त्वाची भर घालते. ग्रीसमध्ये विश्रांतीचे तास सरकारी नियमाने ठरलेले आहेत. ऑक्टोबर ते मार्च या काळात दुपारी ३.३० ते ५.३० आणि रात्री १० ते सकाळी ७.३० या वेळांत आवाज करणे निषिद्ध असते. बेटावर नियमापेक्षा सवयच अधिक पाळली जाते. दुपारी दुकाने बंद होतात, गल्लीत फक्त मांजरे उरतात आणि कुणाच्या दारावर थाप मारणे असभ्यपणाचे ठरते. मी माझे सर्वांत अवघड काम याच दोन तासांसाठी राखून ठेवू लागले. ही शांतता ओसाडपणातून आलेली नाही. तिथे हिवाळाभर राहणारी, जाळी दुरुस्त करणारी, मुलांना शाळेत सोडणारी माणसे ती एकमेकांसाठी राखतात. म्हणून ‘निर्जन बेट’ हा लेखातील शब्द मला खटकला.

हिवाळ्यातील गैरसोयी लपवणे अन्यायाचे होईल. उन्हाळ्यासाठी बांधलेल्या दगडी घरात ओल भिंतीतून चढते आणि कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. बोट न आल्यास ताजी भाजी आणि औषधे येत नाहीत. बेटावर आरोग्य केंद्र आहे, पण गंभीर आजारासाठी बाहेर न्यावे लागते. नियमित औषधे घेणाऱ्यांनी मुक्कामापेक्षा किमान दोन आठवड्यांचा जास्त साठा जवळ ठेवावा. घर घेताना चुलीची किंवा हीटरची सोय पाहावी, समुद्राचे दृश्य नसले तरी चालते. माझ्या टेबलासमोर शेजारच्या घराची पांढरी भिंत होती आणि त्याबद्दल मी त्या घराची आजही ऋणी आहे. जानेवारीत मात्र निरभ्र, वारा पडलेले काही दिवस येतात, ज्यांना ग्रीक लोक अल्कियोनच्या, म्हणजे खंड्या पक्ष्याच्या, कथेवरून नाव देतात. त्या दिवसांत मी अंगणात बसून शेवटची प्रकरणे लिहिली.

काम संपल्यावर संध्याकाळी मी स्कालाहून वरच्या खोरा गावाकडे जाणाऱ्या जुन्या फरसबंद वाटेने चढत असे. अर्ध्या वाटेवर ती गुहा आहे, जिथे रोमनांनी हद्दपार केलेल्या ख्रिस्ती संत योहानाला बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकातला साक्षात्कार झाला आणि त्याने तो आपल्या शिष्याला सांगून लिहून घेतला, असे परंपरा मानते. माथ्यावर १०८८ मध्ये स्थापन झालेला, किल्ल्यासारखा मठ आहे. त्याच्या ग्रंथालयात हजाराहून अधिक हस्तलिखिते जतन केलेली आहेत, आणि १९९९ पासून हा सारा परिसर जागतिक वारसा यादीत आहे. त्या उंचीवरून स्वच्छ हवेत आग्नेयेला लेरोस आणि उत्तरेला सामोस ही बेटे दिसतात. लेरोसकडे पाहताना मला दर वेळी संकोच वाटत असे. १९६७ मध्ये लष्करी राजवट आल्यावर कवी यानिस रित्सोस यांना अटक करून आधी यारोस आणि नंतर लेरोस या बेटांवरच्या राजकीय कैद्यांच्या छावणीत ठेवले गेले, आणि पुढे सामोसवर नजरकैदेत. त्याआधी, यादवी युद्धाच्या काळात, मक्रोनिसोस बेटावरच्या छावणीत त्यांनी कविता बाटल्यांत घालून जमिनीत पुरल्या होत्या. तोच समुद्र, तोच वारा, बोटीची तीच प्रतीक्षा. माझा एकांत मी मागून घेतलेला होता आणि चौथ्या दिवशी बोट मलाही घेऊन जाऊ शकत होती. या बेटांना ‘लेखकांचा स्वर्ग’ म्हणणाऱ्या लेखात या इतिहासाचा एक शब्दही नसावा, याचे मला मनापासून वाईट वाटले.

व्यवहाराच्या दोन गोष्टी लेखात राहून गेल्या आहेत. भारतीय पारपत्रावर मिळणाऱ्या शेंगेन व्हिसाने, म्हणजे ग्रीससह युरोपातील अनेक देशांसाठी चालणाऱ्या सामाईक व्हिसाने, कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा बंधनकारक असतो. मुक्काम ९० दिवसांच्या अगदी काठापर्यंत कधीही नेऊ नये, कारण परतीची बोटच वाऱ्यामुळे अडकू शकते. मी १४ दिवस हाताशी ठेवले होते, त्यांपैकी चार प्रत्यक्षात खर्ची पडले. तसेच परतीचे विमान बोटीच्या दुसऱ्याच दिवशी ठरवू नये. अथेन्समध्ये दोन-तीन रात्री मोकळ्या ठेवाव्यात.

शक्य झाल्यास पुरवणीच्या पुढील अंकात मूळ लेखासोबत एवढी दुरुस्ती छापावी, की लेखनासाठी जाणाऱ्यांनी ऑक्टोबरनंतरचा काळ निवडावा आणि घर ठरवण्यापूर्वी त्या बेटाचे बोटींचे हिवाळी वेळापत्रक पाहावे. ते उन्हाळी वेळापत्रकापेक्षा फार वेगळे असते.

आपली नम्र,
एक वाचक व कादंबरीलेखिका